पदवी एकच, कॉलेज कोणतं?

18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याने शिकवण्याची जबाबदारी घेतलीच नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची आणि कॉलेजांना मान्यता द्यायची, एवढंच त्याचं काम. शिकवायचं ते कॉलेजांनी. 1862 साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे बी.ए.च्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले चौघे. तिथून पुढे दीडशे वर्षं शहरातल्या कोणत्याही कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती एकाच विद्यापीठाची पदवी पडत आली. अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका तीच, निकालही एकत्र. मग एल्फिन्स्टन की विल्सन, झेवियर्स की रुईया, हा प्रश्न इतक्या घरांत इतक्या तळमळीने का विचारला गेला? आज त्याचं उत्तर 'कोणतं कॉलेज अधिक चांगलं' या भाषेत दिलं जातं. मुंबईच्या कॉलेजांचा इतिहास पाहिला की वेगळंच दिसतं. ही कॉलेजं एकमेकांशी स्पर्धा करण्यासाठी निघाली नाहीत. आधीच्या कॉलेजाचं दार कोणासाठी तरी बंद होतं, किंवा त्या दारापर्यंत पोचणंच कोणाला तरी शक्य नव्हतं, म्हणून बहुतेक कॉलेजं उभी राहिली. त्यांच्यातला फरक दर्जाचा होता त्याहून अधिक तो 'कोणासाठी' याचा होता.

अगदी पहिली निवड पाहा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 साली गव्हर्नरपदावरून परतताना मुंबईकरांनी जमवलेल्या निधीतून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आकाराला आलं. सरकारचा हात त्यामागे होता आणि धर्माच्या बाबतीत अलिप्त राहणं हे त्या सरकारचं धोरण होतं. दुसरीकडे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 साली इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. विषय बरेचसे सारखे, पण इथे बायबलही शिकवलं जाई. 1839 साली या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलं भराभर काढून घेतली. 1843 साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहत होता. तो अजाण असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन ब्राह्मण जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईत रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. ते स्वतः एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवत होते, हे ध्यानात घेतलं की त्या काळच्या बापापुढचा प्रश्न कसा होता ते कळतं. मुलगा कुठे अधिक गणित शिकेल हा प्रश्न नव्हता. मुलगा घरी परत येईल का, आणि आला तर पंगतीला बसेल का, हा होता.

पण सरकारी शाळेच्या अलिप्ततेलाही एक काळी बाजू होती. 1856 साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. तत्त्व तुझ्या बाजूचं आहे, पण एका मुलासाठी बाकीच्यांना शाळा सोडायला लावता येत नाही, अशा आशयाचं उत्तर सरकारकडून आलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असाव्यात असं नंतर विलायतेहून कळवलं गेलं, पण कागदावरचा हक्क वर्गातल्या बाकापर्यंत पोचायला कित्येक दशकं लागली. जो मुलगा एका घराला एल्फिन्स्टनमध्ये सुरक्षित वाटत होता, त्याच्या त्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्या घरातला मुलगा मोजत होता. 'सारखी' दिसणारी दोन विद्यालयं खरोखर सारखी आहेत का, हे त्यामुळे कोण विचारतो आहे त्यावर ठरत असे.

1869 साली जर्मन जेझुइटांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढलं. 1888 च्या सुमारास एल्फिन्स्टन भायखळ्याहून काळाघोड्याला आलं, 1889 साली विल्सनची इमारत गिरगाव चौपाटीवर उभी राहिली आणि झेवियर्स धोबीतलावला होतंच. तिन्ही कॉलेजं पायी फिरता येतील इतक्या अंतरात. इथे आक्षेप येईल की दर्जाचा फरक नव्हता हे म्हणणं खोटं आहे. एल्फिन्स्टनला सरकारी पगारावरचे इंग्रज प्राध्यापक मिळत, ग्रंथालय मोठं होतं, दादाभाई नौरोजींसारखा माणूस तिथे गणित शिकवून गेला होता. आक्षेप रास्त आहे. प्राध्यापकांत फरक होता आणि तो विद्यार्थ्यांना ठाऊक होता. पण असा फरक कॉलेजाच्या नावाला कायमचा चिकटत नसे, तो माणसाबरोबर येई आणि माणसाबरोबर जाई. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन जेझुइटांना स्थानबद्ध केलं, मायदेशी पाठवलं, आणि झेवियर्सचा कणाच मोडल्यासारखा झाला. पुढे 1922 साली स्पॅनिश जेझुइट फादर हेरास आले, त्यांनी 1926 साली इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला झेवियर्सला जाण्याचं एक भक्कम कारण मिळालं. सर्वांत वरचं कॉलेज कोणतं, यापेक्षा माझा विषय आज कुठे कोण शिकवतो, हा प्रश्न त्या काळात जास्त शहाणपणाचा होता.

बाबासाहेब आंबेडकर 1908 साली एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांचं शिक्षण पुरं होऊ शकलं. प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तकं दिली, कपडेही दिले. म्हणजे शहरातल्या पहिल्या सरकारी कॉलेजाचं दार त्यांना उघडलं, पण ते उघडं ठेवायला एक महाराजा आणि एक कनवाळू शिक्षक लागला. जे दार दोन माणसांच्या चांगुलपणावर टिकून असतं ते हजारोंच्या कामाचं नसतं. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 च्या जूनमध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. त्याची सर्वांत मोठी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात दर्जा म्हणून मिरवण्यासारखी नव्हती. ती होती वेळापत्रकात. सिद्धार्थने सकाळचे वर्ग भरवले, म्हणजे नोकरी करणारा मुलगा आधी तास उरकून मग कामावर जाऊ शकेल. कारकुनी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या मुलाला दुपारचं एल्फिन्स्टन आणि सकाळचं सिद्धार्थ यांत निवड करायची नव्हतीच. पदवी दोन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच, पण त्याच्यासाठी एकाच कॉलेजात ती मिळवणं शक्य होतं. जे मुंबईच्या कॉलेजांची तुलना फक्त निकालाच्या टक्क्यांनी करतात, त्यांच्या हिशेबात वेळापत्रकाला रकानाच नसतो.

शहरात खऱ्या अर्थाने दुसरं विद्यापीठ आलं ते मात्र स्त्रियांसाठी. मुंबई विद्यापीठाने 1883 साली स्त्रियांना परीक्षांना बसू दिलं आणि काही वर्षांत कॉर्नेलिया सोराबजी त्याची पहिली स्त्री पदवीधर झाली. तरी धोंडो केशव कर्वे यांना हे पुरेसं वाटलं नाही. पुरुषांसाठी आखलेला, इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम किती मुलींना पेलेल, आणि पेलला तरी किती घरं तो घेऊ देतील, हा त्यांचा सवाल होता. 1916 साली पुण्याजवळ हिंगण्याला त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय आणि पदवीचं नाव 'गृहीतागमा'. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी देऊन आपल्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव विद्यापीठाला दिलं. 1936 साली मुख्यालय मुंबईत आलं. पण कायद्याने मान्यता मिळायला 1951 साल उजाडावं लागलं. म्हणजे 35 वर्षं, त्यातली 15 मुंबईत, गिरगावातल्या एखाद्या मुलीपुढे खरोखर दोन विद्यापीठं होती. एकाची पदवी सरकारला मान्य, पण तिथवर पोचायला इंग्रजीची भिंत. दुसऱ्याची पदवी सरकारदप्तरी शून्य, पण अभ्यास आपल्या भाषेत. त्या काळी कर्व्यांवर टीका झाली की हे दुय्यम शिक्षण आहे, मुलींना वेगळ्या आणि सोप्या खोलीत बसवणं आहे. ही टीका सहज झटकण्यासारखी नाही. वेगळा अभ्यासक्रम आणि कमी प्रतीचा अभ्यासक्रम यांतली रेघ पुसट असते आणि मान्यतेवाचून त्या मुलींचं नुकसान झालंच. पण टीकाकारांनी तुलना केली ती चुकीच्या जागी. त्यांनी या पदवीची तुलना मुंबईच्या पदवीशी केली. बहुतेक मुलींच्या बाबतीत खरी तुलना होती ती पदवी आणि घर यांच्यात.

1930 नंतर निवडीत आणखी एक गोष्ट शिरली, ती म्हणजे लोकल. 1925 साली हार्बर मार्गावर आणि 1928 साली पश्चिम मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वसाहतींत मध्यमवर्ग राहायला गेला. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने 1937 साली माटुंग्याला रुईया कॉलेज काढलं, त्याच वर्षी तिथे खालसाही निघालं, मागोमाग पोदार आलं. जोगेश्वरीला 1930 पासून इस्माईल युसूफ कॉलेज होतं. मुस्लिम मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सर मोहम्मद युसूफ यांनी दिलेल्या देणगीतून सरकारने ते उभं केलं होतं. फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातल्या प्राध्यापकांनी 1948 साली मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केलं. 1949 साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज सिंधमधल्या हैदराबादेतून उखडलेल्या लोकांनीच उभं केलं. घरदार सोडून आलेल्या समाजाने निवाऱ्याच्या विवंचनेतही कॉलेज काढायला घेतलं, हे या शहराच्या इतिहासातलं फार मोठं पान आहे आणि त्याची पुरेशी आठवण ठेवली जात नाही.

यावर कोणी म्हणेल, हा तर जातीजमातींनी वाटून घेतलेल्या शहराचा नकाशा झाला, याचं कौतुक कसलं? दोष खरा आहे. पारशांचं, गुजरात्यांचं, मराठ्यांचं, सिंध्यांचं, असं म्हणत कॉलेजं ओळखली गेली आणि काही ठिकाणी वर्गातली मैत्रीही त्या ओळखीपाशीच थांबली. पण या कॉलेजांना विद्यापीठाची मान्यता हवी होती, पुढे सरकारी अनुदान हवं होतं, आणि राज्यघटनेच्या 29 व्या कलमाने अनुदान घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारायला बंदी केली. त्यामुळे खालसात दादरची मराठी मुलं शिकली आणि जय हिंदमध्ये सगळ्या प्रांतांची. एका समाजाची गरज भागवायला उघडलेलं दार इतरांनाही उपयोगी पडलं. एकाच मोठ्या कॉलेजाने शहराची भूक भागवायची म्हटली असती तर पहिला नंबर नेहमीच्याच घरांचा लागला असता.

मार्कांवर प्रवेश आणि कट-ऑफ याद्या आल्या तसा हा नकाशा उभा झाला. 2009 साली अकरावीचा प्रवेश मुंबईत ऑनलाइन झाला आणि चिठ्ठ्या, ओळखी, ऑफिसातली खेटी यांना मोठाच आळा बसला. ज्याची कुठेच ओळख नाही अशा मुलाच्या दृष्टीने हा न्याय होता, त्याला नावं ठेवणं चूक ठरेल. पण त्या यादीने एक नुकसान केलं. वेगवेगळ्या हेतूंनी उभी राहिलेली कॉलेजं एकाच शिडीच्या पायऱ्या झाली. 91 टक्क्यांचं कॉलेज 88 टक्क्यांच्या कॉलेजाहून वरचं, एवढंच पालकांना दिसू लागलं. यादी सांगते की गेल्या वर्षी तिथे किती मार्कांची मुलं गेली, पण तिथे काय शिकवलं जातं, किती तास होतात, कोणत्या भाषेतल्या मुलाला सांभाळून घेतलं जातं, हे तिच्यातून कळत नाही. पुन्हा मार्कवाली मुलं जिथे जातात तिथे निकाल चांगला लागतो, निकालामुळे पुढच्या वर्षी तशीच मुलं येतात, आणि या चक्रात कॉलेजाने स्वतः नेमकी किती भर घातली हे कोणीच मोजत नाही.

आता तर पदवीही एक राहिलेली नाही. 2019 साली एल्फिन्स्टन आणि सिडनहॅमसह काही सरकारी कॉलेजं मुंबई विद्यापीठातून निघून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. 2020 साली सिंधी शिक्षण मंडळाच्या के. सी. आणि एच. आर. कॉलेजांचं एच.एस.एन.सी. विद्यापीठ झालं. सोमय्यांचं स्वतंत्र विद्यापीठ विद्याविहारला आहे. मुंबईच्या विद्यार्थ्यापुढे पुन्हा सारखी दिसणारी अनेक विद्यापीठं आहेत आणि या प्रसंगाला शहराच्या इतिहासात एकच दाखला आहे, तो कर्व्यांच्या विद्यापीठाचा. तिथे आधी काम उभं राहिलं आणि मान्यता 35 वर्षांनी आली. या नव्या विद्यापीठांना मान्यता कायद्याने पहिल्या दिवशीच मिळाली आहे. पण एल्फिन्स्टनचं नाव मोठं झालं ते मुंबई विद्यापीठाच्या पदवीबरोबर. ती पदवी सोडल्यावर नव्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम कोण आखतं, परीक्षा किती कसून होते आणि सकाळी तास उरकून कामावर जाणाऱ्या मुलाला तिथे जागा आहे का, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारावं लागेल, कारण त्याचं उत्तर जुन्या नावात मिळणार नाही.