भाऊबंदकी नसलेलं कुळ

तबल्याची पुडी गेली की वडोदऱ्याच्या सुरसागर तळ्याकडे जायचं, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. समोरच संगीत महाविद्यालय. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा ती हीच. गेल्या पावसाळ्यात आमचा दायां असा सादळला की 'ना' वाजवावा तर भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो उचलून निघालो, तर भाचीही सोबत आली. ती एम.एस्सी.ला आहे, पदार्थविज्ञान घेऊन.

कारागीर जुनी वादी सोडवत बसले होते. "बेसो, भाऊ" म्हणाले आणि हिला विचारलं, काय शिकतेस. "ब्रेन," ती म्हणाली.

"ओहो! डॉक्टर बनवानी छे?"

आमची हसून पुरेवाट झाली. मग हिनं त्यांच्या मांडीवरच्या पुडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मेंदू नाही काका, हे. कातडं."

उत्तर गमतीत दिलेलं, पण व्युत्पत्ती म्हणून चोख. लॅटिनमध्ये 'मेम्ब्रुम' म्हणजे अवयव. त्याला झाकणारं ते 'मेम्ब्राना', म्हणजे त्वचा आणि पुढे लिहायचं चर्मपत्रही. इंग्रजीनं त्याचं मेम्ब्रेन केलं. भौतिकशास्त्रज्ञांनी या शब्दाचं मुंडकं उडवून धड तेवढं ठेवलं : ब्रेन. सुरी मात्र भलतीकडे चालली. धातू 'मेम्ब्र' हा अख्खा आहे. 'मेम' आणि 'ब्रेन' असे तुकडे करणं म्हणजे कोंबडीची तंगडी सांधा सोडून नळीवर तोडणं. असे शब्द टिकतात, हेही खरं. आपली 'बस' ही मूळची 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी, आणि त्यातला 'बुस' हा निव्वळ चतुर्थीच्या प्रत्ययाचा शेवट. 'सर्वांना'मधला 'ना' तोडून त्यात बसून आपण एसटी स्टँडपर्यंत जातो, आणि कुणाचं काही अडत नाही.

हे मुंडकं उडालं १९८७ च्या सुमारास, आणि श्रेय सहसा केंब्रिजच्या पॉल टाउनसेंड यांना देतात. अडचण खरीच होती. बिंदूला लांबी-रुंदी नाही, तंतूला एक मिती, पडद्याला दोन. पण समीकरणं तिथं थांबेनात. तीन मितींचे, पाच मितींचे 'पडदे'ही चालतील म्हणू लागली. मेम्ब्रेन हे नाव दोन मितीवाल्यानं आधीच घेतलेलं. साऱ्या भावंडांना चालेल असं आडनाव हवं होतं, म्हणून ब्रेन, आणि मितींचा आकडा सांगायला त्याआधी 'पी' हे अक्षर. झालं पी-ब्रेन. इंग्रजी कानाला ते 'वाटाण्याएवढा मेंदू' असं ऐकू येतं, म्हणजे आपल्याकडचा अकलेचा कांदा. भौतिकशास्त्रज्ञांचा विनोद साधारण या उंचीचा असतो.

मराठीत काय म्हणावं? शाळेच्या जीवशास्त्रात पेशीभोवती 'प्रद्रव्यपटल' असतं, तेव्हा मेम्ब्रेन म्हणजे पटल. टाउनसेंड यांची सुरी त्याला लावली तर उरतं 'टल'. वडोदऱ्यात बसून असल्या प्रश्नावर हसणं बरं दिसत नाही. याच गावानं १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' छापला, राज्यकारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी-गुजरातीपासून फारसी-बंगालीपर्यंत प्रतिशब्दांची रांग लावून. पण तो काळ मुंडकी न उडवता शब्द घडवायचा होता. मला स्वतःला 'पुडी' आवडली असती, फक्त तिच्यात साखर आणि तंबाखू आधीच भरलेली आहे. म्हणून ब्रेनच म्हणू आणि डॉक्टरकीचा घोटाळा सोसू.

बारसं १९८७ चं, कुळ मात्र त्याआधी चाळीस वर्षांचं. त्याचा एक मूळपुरुष कोलकात्याचा.

एक किलो साखरेच्या दोन पुड्या अधांतरी ठेवल्या आहेत असं समजा. गुरुत्वाकर्षणानं त्या एकमेकींकडे सरकणार, अगदी हळू, पण सरकणार. आता प्रत्येक पुडीत साधारण ५४ कोटी जादा इलेक्ट्रॉन घाला. आकडा मोठा वाटतो. वजन काट्यावर उमटणारही नाही इतकं. पण त्यांच्या विद्युतभाराचा रेटा साखरेच्या ओढीला बरोबर पुरा पडतो आणि पुड्या जागच्या जागी राहतात. अंतर वीतभर असो की कोसभर. दोन्ही बळं अंतराच्या वर्गानं घटत असल्यामुळे तोल ढळत नाही.

हे न्यूटनच्या हिशेबात. आईन्स्टाईनच्या गुरुत्वाकर्षणात असलं काही सरळ जमत नाही, कारण तिथं क्षेत्रालाही स्वतःचं वजन असतं. एका वस्तूचं उत्तर अधिक दुसऱ्या वस्तूचं उत्तर म्हणजे दोन्ही मिळून असलेल्यांचं उत्तर, अशी बेरीज तिथं चालत नाही. कोलकात्याच्या सुधांशु दत्त मजुमदार यांनी १९४७ साली 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये दाखवलं की वस्तुमान आणि विद्युतभार या तोलात बसवले की बेरीज चालते. सगळी गुंतागुंत गळून एकच साधं फल उरतं : एक, अधिक वस्तुमान भागिले अंतर. आणखी एक वस्तू ठेवायची असेल तर आणखी एक पद मिळवा. हेरमान वाइल यांनी १९१७ मध्ये हे एका सममित मांडणीपुरतं केलं होतं. मजुमदारांनी मांडणीची अटच काढली. त्याच वर्षी पापापेत्रू यांनीही स्वतंत्रपणे हेच उत्तर आयर्लंडमध्ये छापलं, म्हणून जोडनाव पडलं मजुमदार-पापापेत्रू. हे बिंदू म्हणजे शेजारी शेजारी निवांत उभी असलेली कृष्णविवरं, हे कळायला १९७२ उजाडलं, तेही हार्टल आणि हॉकिंग यांच्या हातून.

मला या कुळाची मोहिनी इथं पडते. भाऊबंदकी काय असते ते मराठी माणसाला सांगायला नको, वडोदऱ्याच्याला तर नकोच. खंडेराव गायकवाडांनी सख्ख्या भावाला, मल्हाररावांना, कैदेत टाकलं. पुढे गादीवर तेच आले, १८७५ मध्ये पदच्युत झाले, आणि गादीला वारस म्हणून कवळाण्याहून गोपाळ नावाचा मुलगा आणावा लागला, तो आपला सयाजीराव. या पार्श्वभूमीवर, कितीही भाऊ कितीही जवळ ठेवा, कुणी कुणाला ओढत नाही की ढकलत नाही, असं घराणं विश्वाच्या समीकरणात निघावं याचं मला अप्रूप वाटतं.

तोल एवढा नेमका का, याचं उत्तर १९७६ नंतरचं. त्या वर्षी अतिगुरुत्वाचा, म्हणजे सुपरग्रॅव्हिटीचा, सिद्धान्त मांडला गेला. निसर्गात कणांच्या दोन जाती. इलेक्ट्रॉनसारखे एका जागी दुसऱ्याला बसू न देणारे, आणि प्रकाशकणासारखे कितीही दाटीनं बसणारे. एका जातीचा कण दुसऱ्या जातीत बदलला तरी नियम तेच राहतात असं मानलं तर ती अतिसममिती. नियमांमध्ये सममिती असली तरी त्यांच्या उत्तरांमध्ये ती सहसा उरत नाही. मैदान सगळीकडे सारखं असतं, पण त्यात मांडव घातला की सारखेपणा मोडतो. क्वचित एखादं उत्तर मात्र निम्मी सममिती राखून असतं. गिबन्स आणि हल यांनी १९८२ मध्ये दाखवलं की त्या चौकटीत वस्तुमान विद्युतभारापेक्षा कमी होऊच शकत नाही, आणि मजुमदारांची मंडळी अगदी त्या सीमेवर, निम्मी सममिती राखून उभी आहेत. म्हणजे ५४ कोटींचा हिशेब हा योगायोग राहिला नाही. तो कुळाचार ठरला.

आता गडहिंग्लज. अतीश दाभोलकर तिथले. वडील श्रीपाद दाभोलकर गणिताचे माणूस, आणि 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात प्रयोग करायला लावणारे. काका अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर. अतीश कानपूरच्या आयआयटीतून प्रिन्स्टनला गेले. तिथं १९९० मध्ये डॉक्टरेट झाली, आणि त्याच वर्षी त्यांचा एक लेख आला, गिबन्स, हार्वी आणि रुईझ रुईझ यांच्यासोबत. नावातच तंतू आणि एकांडी लाट यांची जोडी : 'सुपरस्ट्रिंग्ज अँड सॉलिटॉन्स'. १९८२ वाले गिबन्स इथं हजर आहेत हे लक्षात ठेवावं. कुळाची वही वडीलधाऱ्याच्या हातून पुढच्या पिढीकडे आली ती अशी.

प्रश्न वरून साधा होता. तंतुसिद्धान्त सुरू होतो तंतूपासून. त्याची कमी ऊर्जेतली सावली म्हणजे दहा मितींचं अतिगुरुत्व. मग त्या अतिगुरुत्वाची समीकरणं सोडवताना एक लांबलचक सरळ तंतू उत्तर म्हणून हाती येतो का? येतो. ज्याच्या पोटातून समीकरणं निघाली तोच त्या समीकरणांच्या पोटी सापडला. आणि सापडला तो कुळाची खूण अंगावर घेऊन : एक, अधिक काहीतरी भागिले अंतराचा सहावा घात. मजुमदारांच्या बिंदूंना अंतर पुरत होतं. इथं मिती जास्त, म्हणून घात मोठा. एकाच दिशेचे दोन तंतू समांतर ठेवा. गुरुत्व ओढतं, डायलाटॉन नावाचं क्षेत्रही ओढतं, तंतूचा स्वतःचा 'भार' ढकलतो, आणि बेरीज शून्य. एक तंतू उलटा फिरवला की तोल गेला. दोघे एकमेकांकडे धावतात. निम्मी अतिसममिती शाबूत. तंतूचा ताण सूक्ष्म दुरुस्त्यांनी बदलत नाही, हे दाभोलकर आणि हार्वी यांनी आदल्याच वर्षी मांडलं होतं.

पुढची पिढी भराभर जन्मली. १९९१ मध्ये डफ आणि स्टेल यांना अकरा मितींत पडदा सापडला, घात पुन्हा सहाच. त्या पडद्याची एक बाजू गुंडाळली की तंतू होतो, तेव्हा ते साहजिकच. त्याच वर्षी होरोविट्झ आणि स्ट्रॉमिंजर यांनी दहा मितींतल्या काळ्या ब्रेनांची यादीच दिली. १९९२ मध्ये ग्युव्हेन यांचा पाच मितीवाला, घात तीन.

तरी तंतुवाले या मंडळींना घरात घेईनात. त्याचं कारण समजायला तबल्याच्या टपरीइतकी चांगली जागा नाही. तानपुऱ्याची तार छेडली की तिच्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे पूर्णांकात बसणारे स्वर निघतात. नुसतं ताणलेलं कातडं तसं वागत नाही. त्याचे वरचे स्वर १.५९ पट, २.१४ पट अशा अडनिड्या जागी पडतात, म्हणून ढोल वाजतो पण गात नाही. तबला गातो तो मधल्या शाईमुळे. लोहचूर्णाचे आणि खळीचे पातळ थर एकावर एक घोटून कातड्याला मधोमध जड केलं की भरकटलेले स्वर पूर्णांकाजवळ येतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. भौतिकशास्त्रातही तेच झालं. तंतूच्या कंपनांतून सुटे सुटे कण नीट मोजता आले. पडद्याला मात्र कुणालाही शाई लावता आली नाही. १९८९ मध्ये तर दिसलं की त्याचे स्वर सुटे नाहीतच, सलग आहेत.

कोंडी फुटली १९९५ मध्ये, आणि तिचं चित्र मला तुणतुण्यात दिसतं. तुणतुण्याची तार तळच्या कातड्याला बांधलेली असते. तंतूची टोकं अशीच कुठंतरी बांधलेली असू शकतात, आणि ती जिथं बांधलेली तो एक ब्रेनच, हे जोसेफ पोल्चिन्स्की यांनी दाय आणि ली यांच्यासोबत १९८९ मध्येच लिहिलं होतं. टोकांवरची अट गणिती डिरिक्ले यांच्या नावाची, म्हणून डी-ब्रेन. १९९५ मध्ये पोल्चिन्स्कींनी दाखवलं की अतिगुरुत्वातले ते काळे पडदे आणि ही तार बांधायची कातडी एकाच वस्तूची दोन रूपं आहेत. कातड्याचे स्वर मोजायची गरजच संपली. बांधलेल्या तारांचे मोजा. लगेच १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी या ब्रेनांपासून कृष्णविवर रचून त्याच्या आतल्या अवस्था मोजल्या, आणि हॉकिंगच्या सूत्राशी हिशेब जुळला. दाभोलकर २००५ मध्ये आपल्या १९८९ च्या तंतूंकडे परतले आणि त्यांच्यापासून होणाऱ्या अगदी चिमुकल्या कृष्णविवरांचा तसाच ताळा मांडला.

यातलं काहीही प्रयोगशाळेत दिसलेलं नाही. अतिसममितीचा एकही जोडीदार कण जिनिव्हाच्या यंत्रात अजून सापडलेला नाही. दाभोलकरांच्या घराण्याचं नाव निघाल्यावर पुरावा कुठं, हे विचारणं प्राप्तच आहे.

एवढं बोलणं होईस्तोवर कारागिरांनी नवी पुडी चढवली होती. वादी सोळा घरांतून ओवून झाली. मग हातोडी घेतली. गजऱ्यावर एका जागी ठोका, मग तबला अर्धा फिरवून बरोबर समोर ठोका, मधेच बोटानं 'ना'. समोरासमोर का, भाचीनं विचारलं. एकच बाजू ताणली तर सूर चाटेवर दोन जागी दोन लागतो, म्हणाले. ती मान डोलावत राहिली. तिला बहुधा सहावा घात दिसत होता.

पैसे दिले. बाहेर पाऊस लागलाच होता. त्यांनी तबल्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी चढवली, तळाशी सुतळी आवळली आणि हिच्या हातात देताना म्हणाले, "बेन, ब्रेनने पाणी ना अडे, हों."