ताम्रगिरीवरील तृणांकुर

नवरात्रांत घटाभोंवतीं धान्य पेरलें, कीं थोड्याच दिवसांत हिरवे कोंब डोकावूं लागतात. माती आणि पाणी मिळालें म्हणजे बीज रुजावयाचेंच, असा आपला भरंवसा असतो. हा भरंवसा ज्या डोंगरावर दोन शतकें फोल ठरला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

वेल्सच्या वायव्येस अँगलसी नांवाचें बेट आहे. तेथील पॅरिस पर्वतावर (फ्रान्सच्या राजधानीशीं या नांवाचा संबंध नाहीं) १७६८ सालीं तांब्याचा मोठा सांठा सांपडला. थोड्याच वर्षांत ती युरोपांतील सर्वांत मोठी तांब्याची खाण ठरली. लांकडी युद्धनौकांच्या तळाला ठोकावयाचे पत्रे तेथील तांब्याचे बनूं लागले. पुढें खाणीचें वैभव ओसरलें. मागें उरले ते उघडेबोडके ढिगारे.

तेथें बीं पडत नव्हतें असें नाहीं. बीजाचें कवच धातूचें विष बहुधा कांहीं काळ बाहेर थोपवितें, आणि आंतील शिदोरीवर अंकुर फुटतोहि. परंतु कोंवळें मूळ मातींतील पाणी शोषूं लागलें, कीं तांबें, जस्त वा शिसें त्याच्या टोंकाशीं पोंचतें. तेथील पेशींची वाढ थांबते, मूळ खुंटतें आणि रोप करपून जातें. विष फार असेल, तर अंकुरहि फुटत नाहीं.

तरीहि अशा जागीं क्वचित् कांहीं तृणें तग धरून होतीं. तीं कशी? १९३४ सालीं चेक वनस्पतिशास्त्रज्ञ प्राट यांनीं तांब्याच्या खाणीवरील एका रानफुलाचें बीं, आणि साध्या मातींतील त्याच जातीचें बीं, तांबें मिसळलेल्या मातींत पेरून पाहिलें. खाणीवरील रोपें अधिक तगलीं. अर्थात् हा गुण बीजांतूनच उतरत होता. १९५२ सालीं ब्रॅडशॉ यांनीं वेल्समधील एका गवताविषयीं शिसें व जस्त यांच्या बाबतींत हेंच दाखविलें. पुढील प्रयोगांत साधें बीं विषारी मातींत दाट पेरलें, तेव्हां बहुतेक सारीं रोपें मेलीं. हजारांत एखाददुसरें वांचलें. निसर्गाची निवड इतकी कठोर असते! अशाच तगलेल्या गवतांपासून ओसाड ढिगारे झांकण्यासाठीं ‘मर्लिन’, ‘गोगिनन’ व ‘पॅरिस’ हे वाण तयार करण्यांत आले.

परंतु यांत समाधान मानून स्वस्थ बसणें बरें नव्हे. गवतानें ढिगारा झांकला, तरी धातु मातींतून नाहींसा होत नाहीं. आणि हजारांतील एका रोपावर कोणत्याहि शेतकऱ्याचें पोट भरणार नाहीं. तांब्याचा नफा एका पिढीनें घेतला. त्याचें ऋण मात्र माती अजून फेडीत आहे. घटांतील कोंब पाहतांना, ती मूठभर माती निर्मळ आहे हें केवढें भाग्य, याचें स्मरण ठेवूं या.