साप हलत नाही म्हणून काच वाजवणाऱ्यांसाठी

कुठल्याही सर्पोद्यानात रविवारी दुपारी जा, एक आवाज हमखास ऐकू येईल. काचेवर बोटांची टकटक. पाठोपाठ, "हलतच नाहीये, मेलाय की काय?"

सापाला पापण्या नसतात, त्यामुळे तो झोपलाय की जागा हे बाहेरून कळत नाही. बाहेरचे कानही नसतात, पण जबड्याच्या हाडांतून कंप आत पोचतात. म्हणजे टकटक त्याला कळते. त्यावर तो अनेकदा आणखीच निपचित पडतो आणि आपण समजतो, याला काही फरकच पडत नाही!

हा गैरसमज जुना आहे. प्राणिसंग्रहालयातलं जगातलं पहिलं सर्पगृह लंडनला १८४९ साली उघडलं. पुढच्याच वर्षी तिथे इजिप्तहून आलेल्या गारुड्यांचे खेळ सुरू झाले. सापांना जिवंत भक्ष्य देणं हाही लोकांनी बघायचा कार्यक्रम. १८५२ मध्ये गर्लिंग नावाचा रक्षक दारू पिऊन नागाशी खेळायला गेला आणि दंशाने मेला. तमाशा आधी, प्राणी नंतर.

हे चित्र बदललं ते जोन प्रॉक्टर या बाईंनी. त्यांच्या आराखड्यावर १९२७ मध्ये नवं सर्पगृह उभं राहिलं. त्यात उजेड पिंजऱ्यांत आणि माणसं अंधारात. प्रेक्षकांना नीट दिसावं हा हेतू होताच, पण आतल्या जिवासमोरची गर्दीही त्यामुळे पुसट झाली. ऊब आणि अतिनील किरणांची सोयही त्यांनी केली. गंमत म्हणजे याच बाईंसोबत सुंबावा नावाचा कोमोडो ड्रॅगन बागेत फिरायचा. म्हणजे सरसकट सगळेच माणसाला बुजतात असंही नाही. जात वेगळी, प्राणी वेगळा, की वागणं वेगळं.

पुढे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी साधी गोष्ट मांडली: प्रत्येक प्राण्याचं एक अंतर असतं, त्याच्या आत धोका आला की तो पळतो. आता चार फुटांच्या काचपेटीतला साप पळणार कुठे? लपायला ढोली नसेल तर गप्प पडून राहणं एवढंच उरतं.

आपल्या पुण्यात तर याचा उलटा पुरावा आहे. १९८० मध्ये निलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. एकही दंश नाही! कारण आतला माणूस शांत होता. त्यांनीच १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू केलं.

करोनात जगभरची प्राणिसंग्रहालयं बंद पडली, तेव्हा गर्दी असताना आणि नसताना प्राणी कसे वागतात हे ताडून बघता आलं. पण एकूण या विषयावरचं संशोधन मुख्यतः माकडं आणि मोठ्या सस्तन प्राण्यांवर झालंय. बेडूक, साप, कासवं मागे राहिली. ओरडत नाहीत, येरझाऱ्या घालत नाहीत, मग कोण बघणार?

कायदा मात्र साप आणि वाघ असा भेद करत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने कलम ३८-जे आलं. प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचणं, आवाज करून त्रास देणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेचीही तरतूद आहे. फलक लावून पालिका मोकळी होते. काचेपासून हातभर अलीकडे एक कठडा, आत लपायला जागा आणि प्रेक्षकांच्या बाजूचे दिवे कमी, याला काही कोटी लागत नाहीत. पुढच्या वेळी नगरसेवक मतं मागायला आले की एवढं विचारा.