दानपेटीसमोरचे गाणे

एखाद्या शाळेच्या इमारतीसाठी किंवा अनाथालयाच्या मदतीसाठी गॉस्पेल गायकवृंदाचा कार्यक्रम ठेवायचा, तिकिटे विकायची, जमल्यास झोळीही फिरवायची, ही प्रथा अमेरिकेत आणि युरोपात इतकी रुळली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. श्रोते टाळ्यांनी ताल धरतात, देणगी देतात आणि समाधानाने घरी जातात. या प्रथेचे मूळ मात्र बरेचसे नेमकेपणाने सांगता येते. ते १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यात आहे; आणि त्या वेळी उभा राहिलेला एक प्रश्न लोकगीतांच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही. जे गाणे श्रोत्यांसाठी जन्मलेलेच नाही, ते पैशाच्या निकडीने श्रोत्यांपुढे आणले की त्याचे काय होते?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. पुढच्याच वर्षी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे, लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकींत, मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क ही शाळा सुरू झाली. १८६७ मध्ये तिची विद्यापीठ म्हणून नोंदणी झाली. परंतु बराकी मोडकळीस आल्या आणि कर्ज वाढत गेले. संस्थेचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी अखेर काही विद्यार्थ्यांचा गायकवृंद घेऊन उत्तरेकडे निधी जमवण्यास जाण्याचे ठरवले. हे विद्यार्थी बहुतेक गुलामीत जन्मलेले. साथीला पियानोवर एला शेपर्ड. वडिलांनी पैसे मोजून लहानपणीच तिची सुटका केली होती. आई मात्र मालकाकडेच राहिली होती.

ही मुले सुरुवातीला गोऱ्या रचनाकारांची प्रतिष्ठित गीते गात असत. शेतावर आणि गुप्त प्रार्थनासभांत आईवडिलांनी गायलेली ‘स्पिरिच्युअल्स’ त्यांना येत होती. पण ती परक्यांपुढे गाण्यास ती राजी नव्हती. ती गाणी गुलामीच्या काळाशी जोडलेली होती आणि वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने पवित्र होती, असे शेपर्डने पुढे नमूद केले आहे. दुसरेही एक कारण मानता येईल. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करीत, त्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांची तेव्हा चलती होती. अशा प्रेक्षकापुढे आपली प्रार्थना उघडी करणे म्हणजे तिची विटंबना ओढवून घेणेच.

दौऱ्याच्या आरंभी हाती फारसे काही लागले नाही. त्याच दिवसांत शिकागो शहर आगीत भस्मसात झाले, तेव्हा या गायकांनी एका कार्यक्रमाचे जेमतेम पन्नास डॉलरचे उत्पन्न आगग्रस्तांना देऊन टाकले. स्वतःसाठी हात पसरायला निघालेल्यांनी आधी दान दिले, हा तपशील पुढच्या सगळ्या इतिहासावर प्रकाश टाकणारा आहे. नोव्हेंबरमध्ये ओहायोतील ओबर्लिन येथे धर्मगुरूंच्या परिषदेत त्यांनी ‘स्टील अवे’ हे स्पिरिच्युअल गायले आणि सभा स्तब्ध झाली. येथून कार्यक्रमाचे रूप पालटले. व्हाइट यांनी वृंदाला ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिले. बायबलमधील ‘योबेल’ वर्षाशी, म्हणजे दासांच्या मुक्ततेच्या वर्षाशी, त्याचा संबंध आहे. १८७२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे आणि १८७३ मध्ये इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे गायले. इतके होऊनही मायदेशातल्या हॉटेलांत त्यांना खोली नाकारली जात असे. १८७८ पर्यंत वृंदाने संस्थेसाठी सुमारे दीड लाख डॉलर मिळवले. त्या पैशातून उभी राहिलेली ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत १८७६ मध्ये खुली झाली. १८८५ ते १८८८ या काळात फिस्कमध्ये शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण या गीतांना वाहिले. ती इमारत त्यांना या गाण्यांचीच बांधलेली वाटे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सभागृहात येताना गाणे बदलले, यात शंका नाही. समूहाच्या हुंकारांतून आणि आयत्या वेळच्या भरीतून वाढणारे गीत आता घोटीव स्वरमेळात, ठरलेल्या वेळात बसले. १९३४ मध्ये झोरा नील हर्स्टन यांनी यावर कठोर टीका केली: मंचावरची ही गीते मूळ स्पिरिच्युअल्स नव्हेत, खरी गीते समूहाने गावयाची असतात, श्रोत्यांसाठी नव्हेत, आणि ती दोनदा सारखी होत नाहीत. हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या बिनतोड आहे. परंतु याच दौऱ्यांमुळे १८७२ मध्ये थिओडोर सेवर्ड यांनी ही गीते स्वरलिपीत उतरवली, आणि जी गाणी विसरून जावीत असे मुक्त झालेल्या अनेकांना वाटत होते, ती अभिमानाने गाता येतात हे दिसून आले, हेही तितकेच खरे. बदल ही जतनाची किंमत होती; आणि ती गायकांनी चुकवली, श्रोत्यांनी नव्हे.

१८७३ हेच वर्ष आपल्याकडे ‘गुलामगिरी’च्या प्रकाशनाचे. निग्रो दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक अर्पण केले. त्या सज्जनांचे ऋण खरे होते. पण नेमक्या त्याच वर्षी मुक्त झालेल्यांची मुले परदेशी गाऊन स्वतःची शिक्षणसंस्था उभारीत होती, हे चित्र त्या अर्पणपत्रिकेशेजारी ठेवून पाहिले की मुक्तीचे श्रेय एकट्या दात्याकडे राहत नाही. शूद्रातिशूद्रांनी स्वतः शिकावे, हा फुल्यांचा आग्रह या चित्राला किती जवळचा आहे, ते वेगळे सांगावयास नको.

आज ज्याला गॉस्पेल म्हणतात, ते संगीत यानंतरचे. ब्लूज वाजवणाऱ्या थॉमस डॉर्सी यांनी १९३० च्या दशकात शिकागोच्या चर्चमध्ये त्याला आकार दिला. त्यात टाळी, हाक आणि प्रतिसाद पुन्हा उघडपणे आले. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातली रेषा पुसट झाली. फिस्कच्या मंचावर जे मागे सरले होते, ते येथे परतले असे म्हणता येईल. म्हणून अशा मदतनिधीच्या कार्यक्रमाला बसणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे: आपण तिकीट घेऊन कोणावर उपकार करीत नसतो. आपल्याला जे ऐकू येते, ते कधीकाळी आपल्यासाठी नव्हते. ते ऐकू द्यावयाचे की नाही, याचा निर्णय गाणाऱ्यांनी मोठ्या संकोचाने घेतला होता.