रेषेच्या अलीकडचा प्रदेश

चौकटींच्या कागदावर दोन अक्ष आखून सरळ रेषेचा आलेख काढणें हायस्कुलांतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचें असतें. समीकरण म्हणजे रेषा, हें त्याच्या मनावर पक्कें ठसलेलें असतें. परंतु रेषेच्या दोन्ही बाजूंस जो कागद कोरा राहतो, त्यालाही कांहीं अर्थ आहे, हें जाणत्यांच्या ध्यानांत यावयास फार काळ लागला. त्या विलंबाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या कामास दोन साधनें लागतात : एक चिन्ह आणि एक चित्र. ‘पेक्षां कमी’ व ‘पेक्षां अधिक’ हीं चिन्हें इंग्रज गणितज्ञ टॉमस हॅरियट याच्या ग्रंथांत प्रथम छापलीं गेलीं. हॅरियट १६२१ सालीं वारला. ग्रंथ १६३१ सालीं लंडन येथें बाहेर पडला. सहाच वर्षांनीं, १६३७ सालीं, फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें आपला भूमितीवरील निबंध लायडन येथें छापविला आणि बीजगणित व भूमिति यांची सोयरीक जुळविली. त्याच सुमारास फर्मा यानेंही स्वतंत्रपणें हाच मार्ग शोधला होता. चिन्ह सिद्ध होतें, चित्रही सिद्ध होतें. पण दोहोंची खरी गांठ पडण्यास जवळजवळ दोन शतकें जावीं लागलीं.

ती गांठ घातली जोसेफ फूरिये यानें. उष्णतेच्या वहनावरील ग्रंथामुळें विख्यात झालेल्या या पंडितानें १८२० नंतरच्या दशकांत असमानतांचा पद्धतशीर विचार मांडला. प्रत्येक असमानता अवकाशाचा एक भाग छाटून टाकते; सर्व असमानतांनीं छाटल्यावर जो प्रदेश उरतो, तेंच त्यांचें उत्तर. त्या प्रदेशाचा सर्वांत खालचा बिंदु हवा असेल, तर एका कोपऱ्यावरून कडेकडेनें खालच्या कोपऱ्याकडे उतरत जावें, असेंही त्यानें सुचविलें.

ही कल्पना एका सुताराच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. त्याच्याजवळ १२ फळ्या व ८ दिवस आहेत. स्टुलास २ फळ्या व २ दिवस लागतात. मेजास ३ फळ्या व १ दिवस. आडव्या अक्षावर स्टुलें व उभ्या अक्षावर मेजें मोजावीं. फळ्यांची मर्यादा दाखविणारी रेषा आडव्या अक्षास ६ वर व उभ्या अक्षास ४ वर छेदते. आतां रेषेची कोणती बाजू घ्यावयाची? आरंभबिंदु तपासावा. तेथें स्टुलें शून्य, मेजें शून्य, फळ्याही शून्य. शून्य हें बारापेक्षां कमीच. म्हणून आरंभबिंदूकडील बाजू रंगवावी. बाराच्या बारा फळ्या वापरण्यास मोकळीक असल्यानें रेषाही उत्तरांत येते व ती अखंड काढतात. तशी मोकळीक नसती, तर ती तुटक काढली असती. दिवसांची रेषा आडव्या अक्षास ४ वर व उभ्या अक्षास ८ वर छेदते. तिचीही आरंभबिंदूकडील बाजूच घ्यावयाची. दोन्ही रंग जेथें एकमेकांवर येतात, तो चौकोन म्हणजे सुताराचें स्वातंत्र्य. प्रत्येक वस्तूमागें दोन रुपये नफा धरल्यास, ३ स्टुलें व २ मेजें या कोपऱ्यावर त्यास सर्वाधिक दहा रुपये मिळतात. शेजारच्या दोन्ही कोपऱ्यांवर आठच.

एवढी उपयुक्त कल्पना; पण १८९० सालीं फूरियेचे लेख पुन्हा छापतांना दार्बू या नामवंत गणितज्ञानें, या विषयाचें महत्त्व फूरियेस वाजवीपेक्षां अधिक वाटलें होतें, असा अभिप्राय दिला. हा अभिप्राय खोटा ठरविला तो विसाव्या शतकांतील टंचाईनें.

१९३८ सालीं लेनिनग्राड येथें प्लायवुडच्या कारखानदारीचा एक प्रश्न कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे आला : आठ यंत्रें, पांच प्रकारचें लांकूड, तर काम कसें वांटावें? त्यानें तो सोडविला. मात्र त्याच्याच देशांत त्या कार्याची पुष्कळ वर्षें उपेक्षा झाली. १९४५ सालीं अमेरिकेंत स्टिग्लर यानें विचारलें, कीं ७७ खाद्यपदार्थांतून एका माणसास पुरेसें पोषण कमींत कमी किती खर्चांत मिळेल? १९३९ च्या भावानें त्याचें उत्तर वर्षास ३९.९३ डॉलर असें आलें. ७७ अक्ष कोणत्या कागदावर काढणार? चित्र येथें थांबतें. त्यानें दिलेली दृष्टि मात्र थांबत नाहीं. १९४७ सालीं डँट्झिग यानें कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जाण्याची रीत केवळ आंकड्यांत बसविली. त्या रीतीनें नऊ कारकुनांनीं हातयंत्रांवर मिळून १२० दिवसांइतके श्रम करून ३९.६९ डॉलर हें नेमकें उत्तर काढलें. पुढें १९८४ सालीं, मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें शिकलेले नरेंद्र करमरकर यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत, कडेनें न जातां प्रदेशाच्या आंतूनच वाट काढणारी नवी रीत शोधली.

समीकरण विचारतें, ‘नेमकें किती?’ संसारांतला प्रश्न बहुधा निराळा असतो : ‘जें आहे त्यांत काय काय साधेल?’ त्याचें उत्तर रेषेवर क्वचितच संपतें. तें रेषेच्या अलीकडे पसरलेल्या प्रदेशांत असतें. शाळेंतील मुलगा पेन्सिलीनें तो भाग रंगवितो, तेव्हां या सबंध इतिहासाचा पहिला धडा तो गिरवीत असतो.