दोन टिंब वीस

पुतणी पुण्याला शेतीच्या कॉलेजात शिकते. गेल्या वर्षी तिनं ठिबक सिंचनावर पाहणी काढली. भीमेच्या एका काठाला आमचा शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. इकडे मांडवगण फराटा, तिकडे पारगाव, नानगाव. उसाला ठिबक कोणी केलं, का केलं, कोणी काढून टाकलं, असे चाळीसेक प्रश्न मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये घातले आणि लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर सोडली. आठवड्यात शंभरावर उत्तरं आली. पोरगी खूश. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन शिरूरला माझ्याकडे हजर.

"तात्या, माणसं खोटं बोलतात का हो? या एकाचं बघा. एकूण क्षेत्र २.२०, त्यात ऊस २.५. रानापेक्षा ऊस जास्त!"

मी चष्मा पुसून बघितलं आणि हसू आलं. तो बिचारा शंभर टक्के खरं बोलला होता. त्याचं रान दोन एकर वीस गुंठे. सातबारा, फेरफार, वाटपाचे कागद असं डोक्यात आलं की हात आपोआप एकर, टिंब, गुंठे लिहितो. पुढच्या प्रश्नाला मात्र त्यानं बोलण्यातला आकडा टाकला: अडीच. सगळ्या रानात ऊस आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. संगणकानं २.२० म्हणजे अठ्ठ्याऐंशी गुंठे धरले आणि गड्याचे बारा गुंठे गिळले.

गंमत अशी, की हा गुंठाच मुळात एका पाहणीतून जन्माला आलाय. पेशवाईत आपल्याकडे बिघे आणि चाहूर. इंग्रजांच्या मोजणीनं तेहतीस फुटांची साखळी आणली. साखळीचे सोळा भाग, त्यांना नाव आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद एवढा तुकडा म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज सातबारावर हेक्टर आणि आर आहेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१ आणि वर थोडं. त्यामुळे कागदावरचा आर वाचताना माणूस मनात गुंठाच म्हणतो आणि त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते संगणकाचं, कारण त्याला टिंबापुढं दहा कळतात, चाळीस कळत नाहीत.

ही साखळी आपल्या भागात आली त्याआधी एक मोठी फजिती झाली होती. १८२७ मध्ये प्रिंगल नावाच्या असिस्टंट कलेक्टराला दख्खनच्या जमिनीची पाहणी करायचा हुकूम झाला. माणूस हुशार, अर्थशास्त्र वाचलेला. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकतं, नांगरटीपासून मळणीपर्यंत खर्च किती येतो, हे काढायचं. उत्पन्नातून खर्च वजा करायचा आणि जे उरेल त्याचा ५५ टक्के सारा घ्यायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. पण ही माहिती विचारणार कोण? हाताखालचे कारकून. सांगणार कोण? ज्याचा सारा त्या उत्तरावर ठरणार तो शेतकरी. कोणी अंदाजपंचे आकडे भरले, कोणी पैसे खाऊन भरले. १८३० मध्ये दर लागू झाले, माणसांना ते झेपेनात, रानं पडीक पडली, कित्येक जण निजामाच्या मुलखात निघून गेले. मी याला आपल्या जिल्ह्यातला पहिला लांबलचक फॉर्म म्हणतो. प्रश्न फार आणि उत्तर कोणालाच नक्की ठाऊक नाही.

त्यानंतर १८३५ मध्ये दौंडच्या शेजारी इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे आले. त्यांनी शहाणपणा केला तो हा, की शेतकऱ्याला फारसं विचारलंच नाही. खर्च किती, उरतं किती, हा नाद सोडला. जमीन मोजली, माती खणून किती खोल आहे ते पाहिलं, रंग पाहिला, चुनखड आहे का, उतार आहे का, पाणी साठतं का हे दोष टिपले, आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती पाडल्या. डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच लिहायचं. वर कारकुनानं मोजलेल्या नंबरांपैकी काहींवर साहेब स्वतः पुन्हा साखळी टाकून बघे. तीस वर्षांसाठी सारा ठरला. हीच पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली. आमच्याकडे अजून वावराला ‘नंबर’ म्हणतात, ‘खालच्या नंबरात कांदा टाकलाय’ म्हणतात, तो या मोजणीतला सर्व्हे नंबर.

तीस वर्षांनी फेरपाहणी झाली, सारा वाढला, कापसाचे भाव पडले, सावकारी वाढली. शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं डिसेंबर १८७४ मध्ये सावकारावर बहिष्कार टाकला आणि पुढच्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात, ज्यात आजचं दौंडही होतं. सरकारनं आयोग नेमला आणि मग कर्ज किती, व्याज किती, दस्त कोणी लिहिला याची विचारपूस गावोगाव झाली. तो मोठा विषय आहे, इथं नको.

मला जास्त जवळचा वाटतो तो जातेगाव बुद्रुकचा अभ्यास. शिरूर तालुक्यातलंच कोरडवाहू गाव. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पुण्याला यायच्या आधी चहाच्या मळ्यांच्या प्रश्नांवर संशोधन केलेले. त्यांनी पहिल्यांदा पिंपळे सौदागर घेतलं. तो अभ्यास १९१७ मध्ये छापला. आज तिथं वीस-वीस मजली इमारती आहेत, तेव्हा १५६ खातेदारांची जमीन सातशेच्या वर तुकड्यांत विखुरलेली होती. टीका अशी झाली, की हे गाव शहराला खेटून, याच्यावरून खेड्यांचं काय कळणार? म्हणून कानिटकर नावाच्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन मान यांनी शहरापासून लांबचं, पाटपाणी नसलेलं जातेगाव निवडलं. तो अभ्यास १९२१ चा. त्यांचा हिशोब घरटी होता. रानातून किती, बाहेरच्या मजुरीतून किती, खायला किती, कर्जाला किती. जातेगावातल्या बहुतेक घरांचा मेळ लागत नव्हता. आपला पहिला नमुना शहराकडे झुकलेला होता हे मान्य करून दुसरं गाव घेणारा अभ्यासक मला मोठा वाटतो. आमच्या पोरीला मी तेच सांगितलं: तुझं व्हॉट्सॲप म्हणजे पिंपळे सौदागर आहे, जातेगाव राहिलंय.

आता माझं स्वतःचं. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तर होतो, आणि सरकारी मोजणी निघाली की मास्तर हा हक्काचा बैल. १९९१, २००१, २०११ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून घरं हिंडलो. ९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी मोजणी, मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी. मधल्या दिवसांत कोणी जन्मलं, कोणी गेलं ते दुरुस्त करायला. फेब्रुवारी म्हणजे गहू-हरभऱ्याची काढणी, कांद्याची खुरपणी, ऊसतोड. घरी माणूस सापडायचा तो रात्री आठनंतर.

कुटुंब कशाला म्हणायचं, याचं उत्तर प्रशिक्षणात सोपं होतं: एका चुलीवर जेवतात ते. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची घरं शोधली. त्यांनाही घरातल्या चुली बघून घराचा अंदाज बांधावा लागला. त्यांना बरं, चूल वाद घालत नाही. मी एका वाड्यात गेलो तर दोन भाऊ, गॅस एक, चूल एक. चहा गॅसवर सगळ्यांचा, भाकरी चुलीवर सगळ्यांच्या, पण रेशनकार्डं दोन. "एक लिहू का दोन?" विचारलं तर थोरला म्हणाला एक, धाकट्याची बायको आतून म्हणाली दोन. मी एक लिहिलं. वर्षभरात ते वेगळे झाले.

१९९१ च्या पत्रकात एक शब्दयोजना होती, ती मला आजही शिकवण्यासारखी वाटते. मागच्या वर्षभरात काम केलं का, या प्रश्नाला जोडून लिहिलं होतं, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरायचं. त्याचं कारण मला पहिल्याच दिवशी समजलं. एका बाईंना विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर म्हणाल्या, "मी? काही नाही, घरीच असते की." हे बोलताना त्या ओट्यावर बसून खुरप्याला लागलेली माती काढत होत्या. मग पत्रकातलं वाक्य पुरतं वाचलं. "वावरात जाता का?" "जाणार नाही तर कोण, हे येणारंय का खुरपायला?" मला मिळालेलं पहिलं उत्तर आणि दुसरं उत्तर यांत बाईंचं वर्ष तेच होतं. फरक फक्त प्रश्नात होता.

२००१ ला पत्रकं यंत्रानं वाचायची म्हणून आकडा चौकटीच्या रेषेला लागू द्यायचा नाही, अशी तंबी होती. आता २०२७ ची मोजणी मोबाइलवर, आणि तीत घरबसल्या स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय ठेवली आहे. जनगणनेचं मला पटतं ते हे, की ती आपली चूक मोजते. मोजणी झाल्यावर काही निवडक भागात वेगळी माणसं पुन्हा पाठवून किती सुटले ते काढतात. २०११ ला हजारी २३ माणसं सुटली होती. त्यातली माझ्या गटातली किती, देव जाणे.

आपल्याच तालुक्यातलं वढू बुद्रुक लोकांना संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. पाहण्यांच्या जगात त्याला आणखी एक ओळख आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं काम तिथं डॉ. बानू कोयाजींच्या काळात, सत्तरच्या दशकात सुरू झालं. २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा त्याच घरी. वहीवरून काम पुढं टॅबवर आलं. २००७ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या माणसांना जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतले प्रश्न विचारले. तब्येत कशी आहे म्हटल्यावर आपली म्हातारी माणसं "बरंय" म्हणतात. गुडघा धरून उठतात आणि तरी "बरंय" म्हणतात. त्यावर उपाय म्हणून एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगायची, त्याला चालताना असं होतं, झोप अशी लागते, आणि विचारायचं, याचं कसं म्हणाल? त्या उत्तरावरून समोरच्या आजीचं ‘बरंय’ किती बरं, ते पारखायचं. प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या अकलेचा मला आवडलेला हा नमुना.

ई-पीक पाहणी तर आता घराघरात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच वावरात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. पूर्वी पीकपेरा चावडीत बसून भरला, बाजरीच्या जागी ऊस लागला, अशा तक्रारी आम्ही लहानपणापासून ऐकल्या. आता फोटो कुठून काढला तेही कळतं. रेंज नसली की बांधावर हात वर करून उभी असलेली माणसंही मी बघतो, पण विंगेटसाहेबांनी जे धरून ठेवलं होतं, डोळ्याला दिसतं तेच लिहा, ते यात परत आलं.

आम्ही दोघं त्या रविवारी उत्तरं चाळत बसलो. फॉर्म कोणी किती वेळात भरला ते मशीन लिहून ठेवतं. चाळीस प्रश्न दीड मिनिटात भरणारे सात जण निघाले. सातही जणांनी प्रत्येक ठिकाणी पहिलाच पर्याय दाबलेला. ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात कोणी वर्षाचं बिल लिहिलेलं, कोणी शून्य. उसाचा पैसा हप्त्यानं येतो, कांद्याचा आला तर एकदम. महिन्याचं उत्पन्न नोकरदाराला असतं. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ‘शेतीचे मालक कोण’ म्हटल्यावर बाई फॉर्म नवऱ्याकडे देते. आणि साठीच्या पुढचे जवळजवळ नाहीतच. अमेरिकेत १९३६ मध्ये एका साप्ताहिकानं असंच केलं होतं: फोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून एक कोटी पत्रं धाडली, तेवीस लाखांवर उत्तरं आली आणि अध्यक्ष कोण होणार ते साफ चुकलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. उत्तरं थोडी पडली म्हणून नाही चुकलं, ती कोणाची होती म्हणून चुकलं.

पोरीचं तोंड उतरलं. म्हटलं, उतरू दे, पण उद्या उठून माझ्याबरोबर चल. आम्ही दोन दिवस मोटरसायकलवर हिंडलो. फॉर्म तिनं कोणाच्या हातात दिला नाही, वाचून दाखवला, आणि प्रत्येक प्रश्नानंतर एकच विचारलं: "आत्या, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा." ‘सूक्ष्म सिंचन’ कोणालाच कळलं नाही, ‘ठिबक’ सगळ्यांना. ‘अनुदान’ कळलं, ‘अर्थसाहाय्य’ नाही. ‘पाण्याचा स्रोत’ म्हटल्यावर एक म्हातारे म्हणाले, "स्तोत्र? संध्याकाळी म्हणतो." तिनं तिथंच बसून ‘पाणी कुठून घेता’ असं केलं आणि खाली विहीर, बोअर, पाट, नदी, शेततळं लिहिलं. उत्पन्नाचा प्रश्न वर्षावर नेला. ‘माहीत नाही’ हा पर्याय आधी नव्हता, तो आला. चाळीसचे सव्वीस प्रश्न उरले.

नव्या फॉर्ममध्ये क्षेत्राला दोन चौकटी आहेत, एकर वेगळे, गुंठे वेगळे. गुंठ्यांच्या चौकटीत ३९ च्या वर आकडा जात नाही.