प्रभात पुण्याला गेली, फौंड्री कोल्हापुरातच राहिली

आजचा प्रश्न तसा साधा आहे. एकाच गावात दोन नवे धंदे उभे राहतात. दोन्ही यंत्रांचे, दोन्ही हुन्नरी माणसांनी जवळपास शून्यातून उभे केलेले. त्यातल्या एकाची सगळ्यात नावाजलेली कंपनी पाचच वर्षांत गाव सोडून जाते आणि दुसरा धंदा अजून तिथंच पाय रोवून आहे. असं का होतं? गाव म्हणजे आपलं कोल्हापूर. पहिला धंदा सिनेमाचा आणि दुसरा फौंड्रीचा.

आधी सिनेमाचं बघू. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, पण कॅमेरा नव्हता. मग त्यांनी आणि विष्णुपंत दामल्यांनी खटपट करून १९१८ च्या सुमारास कॅमेराच बनवला, इथं कोल्हापुरात. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. त्याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन १९२९ मध्ये त्यांनी प्रभात काढली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, म्हणजे मराठीतला पहिला बोलपट, कोल्हापुरातच झाला. आणि १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. आज त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

कोल्हापुरात सिनेमा त्यानंतरही झाला. कोल्हापूर सिनेटोन निघाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गाजला. पण गाडीचं इंजिन मात्र दुसऱ्या रुळावर गेलं होतं.

आता दुसरा धंदा. त्याची सुरुवात कारखान्यात नाही, पाण्यात आहे.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. माल उतरायला स्टेशन आणि विकायला पेठ, दोन्ही एकमेकांना लागून. पेठेतला मुख्य माल म्हणजे गूळ. गूळ म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पाणी. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. पैशाच्या आणि इतर अडचणींमुळं ते रखडलं, पूर्ण व्हायला १९५७ साल उजाडलं. पण दिशा ठरली होती.

यातली खुबी समजून घ्यायला हवी. इतर ठिकाणी धरण म्हटलं की कालवा आला आणि पाणी उताराने आपोआप शेतात. आपल्याकडं धरणाचं पाणी नदीतच सोडायचं, नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालायचे, पावसाळा सरला की त्यांत बरगे टाकायचे आणि पाणी नदीच्याच पात्रात अडवून धरायचं, असं चालतं. सगळ्या राज्यात याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. पण नदी खाली आणि शेत वर. म्हणजे पाणी उपसायला हवं. मोटेनं किती उपसणार? तिथं ऑइल इंजिन आलं. आणि इंजिन आल्यावर बैलांनी फिरवायचा उसाचा चरकही इंजिनावर चालायला लागला.

ही इंजिनं सुरुवातीला विलायती होती. गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात असताना इंजिनाचा लायनर गेला किंवा बेअरिंग बसलं, तर काय करणार? सुटा भाग मुंबईहून मागवा, मुंबईत नसला तर बोटीनं येईपर्यंत थांबा. तोवर तोडलेला ऊस वाळून जाणार. शेतकरी थांबू शकत नाही, म्हणून मिस्त्रीकडं जातो. मिस्त्री मोडका भाग समोर ठेवून तसाच दुसरा ओततो, लेथवर घासून बसवतो. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल यायचा जवळपास थांबला आणि ही गरज आणखी वाढली. एक एक भाग करता करता सगळं इंजिनच इथं व्हायला लागलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे कोल्हापूर ऑइल इंजिनाचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. शिवाजी उद्यमनगर त्यातूनच भरभराटीला आलं.

जेन जेकब्स नावाच्या बाई होत्या, अमेरिकेतल्या. अर्थशास्त्राची पदवी नव्हती, पण शहरांबद्दल त्यांनी भल्याभल्यांना विचार करायला लावलं. १९६९ च्या ‘द इकॉनॉमी ऑफ सिटीज’ या पुस्तकात त्यांनी टोकियोच्या सायकलींचं उदाहरण दिलंय. सायकली बाहेरून आल्या, दुरुस्तीची दुकानं निघाली, दुकानदार सुटे भाग करायला लागले, मग भाग जोडून अख्खी सायकल. त्यांचं म्हणणं असं की शहर जे बाहेरून आणतं ते स्वतः करायला शिकलं, की वाढतं. सायकलच्या जागी इंजिन आणि टोकियोच्या जागी उद्यमनगर घाला, गोष्ट तीच.

पण सुरुवात कशी झाली हे कळलं, तरी धंदा टिकला का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आणखी मागं, आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाकडं जावं लागतं. १८९० च्या ग्रंथात त्यानं विचारलं, एकाच धंद्याचे लोक एकाच ठिकाणी गर्दी का करतात? त्याची तीन कारणं सांगितली. कसबी कामगार तिथंच मिळतो, जोडधंदे तिथंच उभे राहतात आणि धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, सगळ्यांना कळतात. उद्यमनगरात हे डोळ्यांनी दिसतं. पॅटर्न करणारा एक, साचा भरणारा दुसरा, ओतकाम तिसऱ्याकडं, मशिनिंग चौथ्याकडं. कास्टिंगला भोकं का पडतायत हे विचारायला दहा मिनिटांवर कुणीतरी अनुभवी माणूस असतो. कामगार चार वर्षं काम शिकतो आणि पाचव्या वर्षी स्वतःची शेड टाकतो.

म्हणूनच पुढं शेतात वीज आली, डिझेल इंजिनाची मागणी ओसरली, तरी गाव बसलं नाही. ओतायचं कसब होतंच. इंजिनाच्या जागी मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे भाग ओतले जाऊ लागले. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती झाल्या.

आता प्रभातकडं परत येऊ. माझं मत असं आहे. प्रभातचं कसब एका कंपनीच्या चार भिंतींत होतं, मोजक्या माणसांच्या हातात. गिऱ्हाईक देशभर पसरलेलं. अशी कंपनी सामानसुमानासह उचलता येते. फौंड्रीचं कसब शेकडो शेडमध्ये वाटलेलं होतं आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं गिऱ्हाईक शेजारच्या गावचा ऊसवाला होता. एक कारखाना हलवता येतो, उद्यमनगर हलवता येत नाही. बघा ना, भट्ट्या कोकच्या होत्या त्या विजेच्या झाल्या, म्हणजे वीजदर हाच जीव की प्राण झाला. महाराष्ट्रातल्या महाग विजेला वैतागून ‘आम्ही कर्नाटकात जातो’ असा इशारा इथल्या उद्योजकांनी अनेकदा दिलाय. कर्नाटकची हद्द इथून फार लांब नाही. तरीही अख्खा धंदा काही गेलेला नाही.

स्वीडनचे गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये मांडलं की पुढं गेलेलं शहर मागच्या भागातली माणसं आणि पैसा ओढून घेतं आणि त्यामुळं आणखी पुढं जातं. त्याच वेळी त्या शहराच्या मागणीमुळं आसपासच्या भागाला थोडं कामही मिळतं. कोल्हापूरला पुण्याकडून दोन्ही मिळालंय. पुण्याच्या वाहन कारखान्यांच्या ऑर्डरवर इथल्या भट्ट्या पेटतात आणि इथली इंजिनिअर पोरं पुण्याच्या गाडीत बसतात.

त्या पोरांत मीही मोडतो, म्हणून हे थोडं सविस्तर बोलतो. सॉफ्टवेअरचा धंदा आज ज्या रूपात आहे तो प्रभातसारखा आहे. कसब मोठ्या कंपन्यांच्या आत, गिऱ्हाईक सातासमुद्रापार. कोल्हापुरात आयटी पार्क व्हावा ही मागणी रास्त आहे, मीही तिच्या बाजूनं आहे. पण नुसती इमारत आणि स्वस्त जागा देऊन एखादी कंपनी आणली, तर ती तितक्याच सहज जाईलही. ती जाताना काय मागं राहील, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

फौंड्रीचा इतिहास वेगळा रस्ता दाखवतो. आधी अडलेलं गिऱ्हाईक शोधा, तेही जवळचं. भट्टीत वीज कुठं वाया जाते, कास्टिंग नापास का होतं, साखर कारखान्याचं ऊसतोडीचं वेळापत्रक का कोलमडतं, दूध संकलनाच्या गाडीचा मार्ग कसा ठरवावा, नदीची पातळी वाढायला लागली की कुठल्या गावाला कधी कळवावं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा, म्हणजे शेवटचा प्रश्न किती जवळचा आहे ते कळेल. हे प्रश्न इथंच आहेत आणि ते समजून घ्यायला शेडमध्ये जाऊन उभं राहावं लागतं, पुण्यातून कॉलवर समजत नाहीत.

आणि यात सरकारचं काम नाही असं कुणी समजू नये. मिस्त्रीनं इंजिन केलं हे खरं, पण त्याच्याआधी कुणीतरी रेल्वे आणली होती, पेठ वसवली होती, धरणाला हात घातला होता आणि बहुजनांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली होती. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणीही काढली. ती शेवटी बंद पडली. राजानं स्वतः काढलेला कारखाना गेला, पण त्यानं दिलेल्या पाण्यावर लोकांनी जे उभं केलं ते राहिलं. आज गावाच्या विकासाची चर्चा करताना आपण बहुतेक वेळा गिरणीच मागतो. त्यासोबत आजचं पाणी कोणतं, हेही मागायला हवं. माझ्या मते ते म्हणजे परवडणारी आणि खात्रीची वीज, शेडमध्ये प्रत्यक्ष काम शिकवणारी कॉलेजं आणि नवख्या पोराला पहिली ऑर्डर देणारा इथला कारखानदार.

तुमच्या गावात असा एखादा धंदा असेल, दुरुस्तीतून उभा राहिलेला, तर नक्की कळवा. पुढच्या भागात इचलकरंजीला जाऊ. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, तिथपासून सुरुवात करू. भेटू या.